नावेची पारख

आमच्या घराण्यांत मासा कधीं शिजला नाहीं आणि होडी कोणीं विकत घेतल्याचें ऐकिवांत नाहीं. तेव्हां मासेमारीच्या होडीवर आम्हीं लेख लिहावा याचें वाचकांस, आणि विशेषतः घरांतील वडील मंडळींस, नवल वाटल्यावांचून राहणार नाहीं. परंतु गेल्या हिवाळ्यांत चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील पाण्यावर आम्हीं दोन खेपांत मिळून पांच दिवस काढले, ते केवळ एका होडीच्या पायीं. आणि लेकीसाठीं स्थळ पाहणें व परक्या माणसांसाठीं नाव पाहणें यांत फारसें अंतर नाहीं, असें आमचें तेव्हांपासून मत झालें आहे.

झालें तें असें. आमचे वडील बंधू नोकरीनिमित्त बरींच वर्षें चंद्रपुरास आहेत. त्यांच्या चिरंजिवाचा एक शाळासोबती वैनगंगेच्या कांठचा, धिवरांच्या घरांतला. बी. ए. झाल्यावर त्यानें नागपुरास एका कारखान्यांत दोन वर्षें काढलीं. पण खोलीचें भाडें आणि खानावळ देतां देतां हातीं कांहींच उरेना, म्हणून तो गांवीं परतला. धिवर म्हणजे या भागांतील पिढीजात मच्छीमार. पालखी वाहणें, घरोघर पाणी भरणें, तलावांत शिंगाडे लावणें हीं कामेंहि पूर्वीं त्यांच्याकडे असत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर १९१६ सालीं जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत याची हकीकत आली आहे. आतां पालख्या गेल्या, पाणी नळानें आलें, आणि जाळें तेवढें हातीं राहिलें. या मुलाच्या मनांत जाळ्याच्या जोडीस एक नवाच उद्योग आला होता. नागपूर, हैदराबाद येथील कांहीं हौशी मंडळी गळ टाकण्याकरितां दूरदूर प्रवास करितात. कोणत्या डोहावर केव्हां जावें, वारा कोणीकडचा असावा, मासा कशास लागतो हें सांगणारा आणि दिवसभर नावेंतून फिरविणारा वाटाड्या त्यांस हवा असतो. तो आपण व्हावें, आणि दिवसाच्या ठरावानें पैसे घ्यावे, असा त्याचा बेत.

"मासे धरतात आणि खातात, एवढें मला समजतें," आमच्या वहिनी म्हणाल्या, "पण हा सांगतो, ही मंडळी मासा धरतात, त्याचा फोटो काढतात आणि पुन्हां पाण्यांत सोडून देतात. मग मुळांत धरतात कशाला?"

या प्रश्नास घरांत कोणासच उत्तर सुचलें नाहीं. तथापि मुलगा सालस, कष्टाळू, आणि आमच्याच स्वयंपाकघराच्या ओट्याशीं बसून वाढलेला. म्हणून नावेच्या किमतींतील निम्मी रक्कम बिनव्याजीं देण्याचें बंधूंनीं कबूल केलें. अट एकच घातली: नाव आधीं पाहावयाची, आणि घरच्या माणसांनीं तिच्यांत बसून पाहावयाची. बंधूंना रजा नव्हती. तेव्हां ही कामगिरी आमच्याकडे आणि वहिनींकडे आली. आम्हांस पोहतां येत नाहीं आणि वहिनींनाहि येत नाहीं. या कामास हीच आमची लायकी ठरली, हें पुढें दिसेल.

चांद्याचा मुलूख म्हटला कीं आपणां पुण्या-मुंबईकडील लोकांस जंगल आठवतें आणि जंगल म्हटलें कीं वाघ. पण नकाशा उलगडून पाहिला तर हा मुलूख पाण्याचा आहे. पश्चिमेस वर्धा, मध्यें वैनगंगा. या दोघी चपराळ्याजवळ भेटतात आणि तेथून पुढें त्यांचें नांव प्राणहिता. प्राणहिता सिरोंच्यापाशीं गोदावरीस मिळते. पूर्वेच्या अंगास इंद्रावती. भामरागडास तिला पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या येऊन मिळतात, आणि दर पावसाळ्यांत पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलें कीं त्या तालुक्याचा जगाशीं संबंध तुटतो. १९८२ सालीं जुन्या जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली वेगळा झाला. कित्येक कोस या दोन जिल्ह्यांची शीव म्हणजे वैनगंगेचें पात्रच आहे. नद्यांखेरीज तलाव. गोंड राजांच्या काळापासून खोदलेले, मालगुजारांच्या ताब्यांत राहिलेले हे तलाव १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले. 'माजी मालगुजारी' याचें संक्षिप्त रूप म्हणून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. हें ऐकून वहिनींना मोठी गंमत वाटली. या तलावांतील मासे धरण्याचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्था घेतात; आमच्या मुलाचे वडील अशाच एका संस्थेचे सभासद आहेत.

मुलाच्या मनांत एक नाव आधींच भरली होती. चंद्रपुराजवळच एका गृहस्थांनीं हौसेनें आणविलेली फायबरची होडी विकावयास काढली होती. पहिल्या दिवशीं आम्ही तीच पाहावयास गेलों. पांढरी शुभ्र, कडेला निळा पट्टा, मागें दहा अश्वशक्तीचें इंजिन आणि पुढें निमुळती होत गेलेली डौलदार चोंच. किंमत दोन दुभत्या म्हशींच्या वर. मुलगा तिच्यावरून हात फिरवीत होता, आणि त्याच्याकडे पाहून आम्हांस वाटलें कीं, आपलें येथें येण्याचें कांहीं कारण नव्हतें. लग्न ठरल्यासारखेंच आहे.

होडी पाण्यांत घातली. इंजिन सुरू होतांच कांठावरचे सारे बगळे उडाले. धांवूं लागली तेव्हां ती खरोखर सुरेख धांवली; पण इंजिन थांबवून ती उभी केली, आणि वहिनी पदर सांवरण्याकरितां किंचित् उजवीकडे वळल्या मात्र, तों सारी नाव त्या बाजूस कलली. तिचा तळ नांगराच्या फाळासारखा मध्यें टोंकदार होता. असा तळ लाटा कापण्यास उत्तम. समुद्रावर किंवा मोठ्या धरणाच्या पाण्यावर वेगानें जाणारास तोच हवा. पण गळ टाकणाऱ्याची नाव दिवसांतील बहुतेक वेळ उभीच असते. शिवाय तळ खोल असल्यानें तिला पाणीहि खोल लागतें. परततांना कांठापासून वीसेक हातांवर ती गाळांत बसली आणि इंजिनाच्या पंख्यास गवताचा विळखा पडला. पंख्याचें पातें मोडलें तर दुसरें कोठून आणावयाचें, असें आम्हीं विचारलें. गृहस्थांनीं हंसून विषय बदलला.

आवाजाचीहि एक अडचण आम्हांस तेथें कळली. या तलावांतील गळवाल्यांचा आवडता मासा मरळ. तो पाण्याबाहेरच्या हवेवरहि श्वास घेतो. थोड्या थोड्या वेळानें वर येतो, बाकी वेळ गवताच्या कडेला दबा धरून राहतो, आणि खडखडाटास फार बुजतो. म्हणजे ज्या इंजिनाच्या जोरावर पाहुण्यास माशापर्यंत न्यावयाचें, त्याच इंजिनानें मासा आधीं पळून जावयाचा! इंजिन मधेंच बंद करून वल्हें मारावें म्हटलें, तर ती जड होडी एकट्याच्या वल्ह्यास दाद देत नाहीं.

"हिला बघायला पुष्कळ लोक येतील," वहिनी कांठावर उतरल्यावर म्हणाल्या, "बसायला कोण येईल तें मला सांगतां येत नाहीं."

मुलाचा चेहरा उतरला. जेवतांनाहि तो फारसें बोलला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं त्याच्या गांवीं निघालों. मूल, सावली, व्याहाड करीत वैनगंगेचा पूल ओलांडला कीं गडचिरोली, आणि तेथून दक्षिणेस चामोर्शी. धान निघून गेलें होतें. बांध्यांतून लाखोळीची हिरवळ दिसत होती. गांव मार्कंड्याहून फार दूर नाहीं, म्हणून आधीं देवदर्शन केलें. येथें वैनगंगा आपली दक्षिणेची वाट सोडून उत्तरवाहिनी झाली आहे, आणि म्हणूनच हें क्षेत्र. मंदिरांचें शिल्प इतकें दाट आहे कीं, दगडास श्वास घेण्यास जागा उरली नाहीं असें वाटतें. महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा भरते. आम्ही गेलों तेव्हां घाटावर चारदोन बायका धुणें धूत होत्या, आणि हिंवाळ्यामुळें नदी मधल्या धारेपुरती आंखडून दोन्ही बाजूंस पांढरी वाळू पसरली होती.

येथेंच मुलानें आपला खरा मनोरथ सांगितला. मार्कंड्यापासून थेट सिरोंच्यापर्यंत पाहुण्यांना नावेनें न्यावें, वाटेंत वाळवंटावर मुक्काम करावे, अशी त्याची कल्पना. ऐकून आम्हांस दीडशें वर्षांपूर्वींच्या एका फार मोठ्या नावाड्याची आठवण झाली. सर आर्थर कॉटन याच्या सूचनेवरून इंग्रज सरकारनें गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांवरून वऱ्हाड-नागपूरचा कापूस नावांनीं पूर्व किनाऱ्यावर उतरविण्याचा घाट घातला होता. कॅप्टन हेग याच्या देखरेखीखालीं १८६० नंतरच्या दशकांत कामें झालीं. पाण्यांत खडकांच्या तीन मोठ्या आडव्या रांगा; पहिली दुम्मागुडमपाशीं, दुसरी सिरोंच्याखालीं इंचमपल्लीस, तिसरी प्राणहितेंत देवलमरीस. त्या टाळण्याकरितां कालवे खणले, बांध घातले. इकडे १८६७ सालीं आगगाडी नागपुरास येऊन पोंचली. तिकडे नदींत नावा चालण्याजोगें पाणी वर्षांतून थोडेच महिने राही. १८७१ सालीं सरकारनें काम सोडून दिलें. सरकारापाशीं पैसा होता, इंजिनियर होते, सुरुंगाची दारू होती. पण जी नाव त्यांनीं मनांत धरली होती ती या नदीची नव्हती. आम्हीं ही हकीकत सांगितली तेव्हां मुलगा हंसला आणि म्हणाला, "म्हणजे काकाजी, मी एकटाच येडा नाई!"

नंतरच्या काळांत तर नदीचा स्वभावहि पालटला आहे. वर पवनीजवळ गोसीखुर्दचें धरण, चामोर्शीच्या बाजूस चिचडोहचा बंधारा, आणि सिरोंच्याच्या खालीं गोदावरीवर तेलंगणानें बांधलेला मेडीगड्डा. हा शेवटचा २०१९ सालीं सुरू झाला, त्याच्या फुगवट्यानें सिरोंचा तालुक्यांतील शेतें पाण्याखालीं गेलीं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत त्याचे कांहीं खांबच खचले. दारें उघडलीं कीं पाणी वाढतें, मिटलीं कीं उतरतें. काल जेथें वल्हें टेकत नव्हतें तेथें आज गुडघाभर पाणी. तेव्हां ज्या नावेस खोल पाणी लागतें ती या नदीवर घेणें म्हणजे दुसऱ्याच्या दारावरच्या कुलपावर आपला संसार ठेवणें होय.

गांवांत पोंचल्यावर चहा झाला आणि मुलाच्या वडिलांनीं आपला डोंगा दाखविला. आंब्याच्या एका अखंड खोडाचा, आंतून कोरलेला, वीसेक वर्षें पाण्यांत मुरून काळा पडलेला. तेवढ्या घेराचें खोड आतां सहज मिळत नाहीं, आणि जंगलांतलें तोडूं म्हटलें तर कायदा आडवा येतो. म्हणून हल्लींचे कित्येक जण मोटारीच्या टायरांतील फुगविलेल्या ट्यूबवर किंवा थर्मोकोलच्या पाटावर बसून जाळीं टाकतात. म्हातारबुवा डोंग्यांत उभे राहिले, एका लांब बांबूनें त्यांनीं कांठास रेटा दिला, आणि तो ओंडका पाण्यावर असा सरकला कीं जणूं पाण्यानेंच त्याला बोलावलें. चार बोटें पाणी त्यास पुरतें. आवाज नाहीं. मरळ जेथें असेल त्याच्या वावभर अंतरावर तो जाऊन उभा राहील. आम्हांस वाटलें, प्रश्न सुटला.

"हाच कां नको?" आम्हीं विचारलें.

"बसून पाहा न जी," म्हातारबुवा म्हणाले.

आम्ही बसलों. म्हणजे बसण्याचा यत्न केला. एक पाय आंत ठेवतांच डोंग्यानें कूस बदलली; म्हातारबुवांनीं दंडाला धरलें नसतें तर हा लेख दुसऱ्या कोणास लिहावा लागता. तळ गोल, रुंदी माणसाच्या कंबरेहून थोडी अधिक. ज्याच्या अंगांत त्याचा तोल जन्मापासून मुरला आहे त्याच्याच तो स्वाधीन.

"डोंगा मले वळखते अन् मी डोंग्याले वळखतो," ते म्हणाले. "पावन्याले तो कसा वळखन?"

नावांविषयीं पुढें आम्हांस जें जें कोणीं सांगितलें त्याचा गाभा या एका वाक्यांत आला होता. मासे मारणाराची नाव आणि पाहुणा नेणाराची नाव या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलींत बसणारा शहाणा असतो. दुसरी अनाडी माणसासाठीं घ्यावयाची असते. आणि अनाडीपणाचा क्षण कोणता, हेंहि म्हातारबुवांनींच सांगितलें. गळास मासा लागला रे लागला कीं गळवाला ताडकन् उभा राहतो, आणि बरोबरची सगळी मंडळी मासा पाहण्यास त्याच बाजूस वांकतात. सारा दिवस नाव सरळ असते. ती उलटते ती त्या अर्ध्या मिनिटांत. जी त्या अर्ध्या मिनिटांत सरळ राहील ती घ्यावी.

म्हातारी आंत चुलीपाशीं होती. ती बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. २३ जानेवारी २०२४ रोजीं याच चामोर्शी तालुक्यांत गणपूरपाशीं वैनगंगेंत नाव उलटून मिरची तोडण्याच्या मजुरीस पलीकडे निघालेल्या सहा स्त्रिया बुडाल्या. ही बातमी आम्हीं त्या वेळीं वर्तमानपत्रांत वाचली होती आणि पान उलटलें होतें. तिनें तें पान उलटलें नव्हतें. तीहि मिरचीच्या हंगामांत पलीकडे जाते.

"येका डोंग्यात आमी दहा-दहा जनी बसतो, बाई," ती वहिनींना म्हणाली. "दुसऱ्या खेपेले थांबलं का उशीर होते. उशीर झाला का मजुरी कापते. मंग कोन थांबन?"

वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. परततांना गाडींत मात्र त्यांनीं मुलास एकच प्रश्न केला: पांचवा पाहुणा दुप्पट पैसे देतों म्हणाला तर काय करशील? त्यानें लगेच उत्तर दिलें नाहीं, आणि तें आम्हांस बरें वाटलें.

त्या रात्रीं बंधूंच्या घरीं बऱ्याच नावांची वासलात लागली. रबरी फुगवटीची होडी घडी करून मोटारीच्या टपावर नेतां येते, हा तिचा मोठा गुण. पण या तलावांत बुडालेल्या बाभळीचे कांटे आणि झाडांचे बुंधे, शिवाय पाहुण्याच्या हातांत गळ! दोन डोंगे बांबूंनीं जोडून त्यांवर तट्टी टाकावी, ही जुनी युक्ति उतरून नेण्यास चांगली, कारण जोडलेले डोंगे सहसा कलंडत नाहींत. पण वळविण्यास तें प्रकरण फार जड. कावेरीवर टोपलीसारखी वाटोळी, बांबूची नाव चालते. तेथें माशांची चोरटी शिकार करणारेच पुढें गळवाल्यांचे वाटाडे झाले होते, आणि त्या वाटोळ्या नावेनें खडकांतून मार्ग काढीत. अभयारण्यांतील गळ पुढें बंद झाले. ती नाव त्या नदीची. येथल्या लांब, संथ पाण्यावर ती स्वतःभोंवतीं गिरक्या घेत बसेल. ॲल्युमिनियमची हलकी होडी सर्वांत उत्तम असें मुलानें कोठेंतरी पाहिलें होतें. ती आणावयाची लांबून, आणि तिचा सांधा गेला तर जोडणारा माणूस चामोर्शीस नाहीं.

शेवटीं लोखंडी पत्र्याची, सपाट तळाची, चौदा फूट लांब नाव चंद्रपुरांतील एका कारखान्यांत करवून घ्यावयाचें ठरलें. रुंदी तळाशींच साडेतीन फूट, म्हणजे उभी असतां ती कलत नाहीं आणि पाण्यांत फार उतरत नाहीं. वाळूवर आली तर चौघांनीं उचलावी. पुढच्या व मागच्या टोंकास हवाबंद पेट्या, कारण लोखंडी नाव पाण्यानें भरली तर दगडासारखी तळ गाठते. तळावर बांबूची तट्टी: त्यानें पत्रा वाजत नाहीं आणि उन्हांत पाय भाजत नाहींत. चंद्रपूरच्या उन्हाची ख्याति वाचकांस सांगावयास नको. मुलास वर कापडी छत हवें होतें. पण उंच छत वारा धरतें आणि उभ्या माणसास गळहि फेकूं देत नाहीं. छताच्या जागीं मोठ्या कांठाच्या टोप्या घ्याव्या असें ठरलें. इंजिन नाहीं, वल्हीं दोन, बांबू एक. पुढेंमागें पैसा जमला तर बॅटरीवर चालणारी लहान मोटर. जीवरक्षक जाकिटें मात्र पहिल्याच दिवशीं, आणि तीं अंगांत, बांकाखालीं नव्हेत.

कागदपत्रांचीहि चौकशी केली. अभयारण्यांत व राष्ट्रीय उद्यानांत मासे धरण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें मनाई आहे, म्हणून ताडोबाचें आणि चपराळ्याचें पाणी मुलानें यादींतून काढलें. (ताडोबा तलावांत मगरी आहेत, तेथें कायदा नसता तरी आम्हीं त्याला जाऊं दिलें नसतें.) तलावावर संस्थेची लेखी परवानगी. जंगलांतील गांवाच्या हद्दींतील पाणी असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यानें मासे व पाण्यांतील इतर उत्पन्नावर ग्रामसभेचा हक्क पोंचूं शकतो; २००९ सालीं ज्या मेंढा-लेखास सामूहिक वनहक्क मिळाला तें गांव याच गडचिरोली जिल्ह्यांतलें. तेव्हां ग्रामसभेस विचारल्यावांचून गळ टाकावयाचा नाहीं. पुढें मोटर बसविली तर नोंदणी लागेल. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागीं अंतर्देशीय जलवाहनांचा नवा कायदा २०२१ सालीं झाला आहे. आणि पावसाळ्यांत माशांच्या विणीचे दिवस, नदीला पूर. तेव्हां धंदा बंद. मुलगा म्हणाला, त्या दिवसांत रोवणी असतेच.

महिन्यानें नाव तयार झाल्याचा निरोप आला आणि आम्ही पुन्हां गेलों. ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत घालून ती सावली तालुक्यांतील आसोलामेंढा तलावावर नेली. ब्रिटिश अंमलांत बांधलेला हा विस्तीर्ण तलाव. आतां गोसीखुर्दचा उजवा कालवा येथवर आणला आहे. सकाळीं पाण्यावर धुकें होतें. चारी जाकिटें अंगांत घालून आम्ही, वहिनी, मुलगा आणि त्याचे वडील बसलों. कांठ पाण्यावर किती उरतो तें वहिनींनीं वीत लावून मोजलें: वीत आणि चार बोटें. मग म्हातारबुवा म्हणाले, "आतां मासा लागला!" आणि आम्ही चौघेहि एकदम उजवीकडे वांकलों. नाव कलली, कुरकुरली, आणि पुन्हां सरळ झाली. वहिनी उभ्या राहिल्या. नऊ पावलें पुढें आणि नऊ पावलें मागें चालल्या. पांढरी फायबरची होडी आठवून आम्हीं मुलाकडे पाहिलें; तो आपल्या आईच्या वयाच्या बाईला पत्र्याच्या नावेंत फेऱ्या घालतांना पाहत होता, आणि त्याच्या तोंडावर प्रथमच थोडी मालकी दिसली.

शेवटची परीक्षा उरली होती. कांठाशीं कंबरभर पाण्यांत नाव आणून बादल्यांनीं ती तोंडोतोंड भरली. पुढचें टोंक तरंगत राहिलें. मागचें हळूहळू खालीं जाऊं लागलें, आणि पेटीच्या कोपऱ्यांतून बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली. सांधा उघडा राहिला होता! ज्यानें केला त्यानें रंग मात्र असा सफाईनें फांसला होता कीं डोळ्यांस शंकाहि येऊं नये. मुलगा छातीभर पाण्यांत तसाच उभा राहिला. आम्हांस आमच्या निम्म्या पैशांची नव्हे, पण तीन महिन्यांनीं भर डोहांत असलेल्या कोणा परक्या माणसाची आठवण झाली.

म्हातारबुवा तेवढे शांत होते. "येथंच कळलं, बरं झालं जी," एवढेंच म्हणाले. नाव उपसली, ट्रॉलींत घातली, सावलीस एक वेल्डर गांठला. दिवेलागणीच्या आंत सांधा भरला गेला. आमच्यासमोर पेटींत पाणी कोंडून त्यानें तो तपासून दिला. फायबरची असती तर हा दिवस नागपूरच्या वाटेवर गेला असता. दुसऱ्या सकाळीं पुन्हां तलाव, पुन्हां बादल्या. या खेपेस नाव कांठापर्यंत भरून पाण्याच्या सपाटीला टेकली आणि तेथेंच राहिली. दोघे जण तिच्या कडेला धरून लोंबकळले तरी ती खालीं जाईना. वहिनींनीं पिशवींतून नारळ काढला.

नांवाचा प्रश्न निघाला. आमच्या मराठींत होडी ती नाव आणि माणसाचें तें नांव. एका टिंबाचा फरक. मुलानें दोन-तीन मोठीं भपकेबाज नांवें योजून ठेविलीं होतीं. चामोर्शीस दुकानांच्या पाट्या रंगविणारा एक पेंटर बोलाविला, आणि तो कुंचला बुडवून विचारूं लागला, तेव्हां म्हातारीनें सांगितलें कीं नांव मागाहून घाला, आधीं आंकडा घाला. कांठावरून दिसेल एवढा मोठा. पेंटरानें पांढऱ्या रंगानें दोन्ही बाजूंस हातभर उंचीचा ४ काढला, त्यापुढें 'माणसें' असें लिहिलें, आणि मग थबकून त्यानें मागें पाहिलें.

"चार म्हंजे नावाडी धरून का सोडून?"

मुलानें आमच्याकडे पाहिलें, आम्हीं वहिनींकडे.

"धरून," म्हातारी म्हणाली.